पूर्वज शोधावेत, घडवू नयेत



प्रस्तुत लेख काही वाचकांना रुचणार नाही, याची जाणीव ठेवूनच लेखणी हाती घेतली आहे. स्मरणिका ही गौरवासाठी असते, तीत कटू बोलू नये, असा एक समज आपल्यात रूढ आहे. परंतु जी स्मरणिका आपली मुले उद्या पुरावा म्हणून उघडणार आहेत, तीत असत्य छापले जात असेल तर मौन पाळणे हा त्या मुलांशी केलेला द्रोह ठरेल.

गेल्या काही वर्षांपासून आपल्याकडे 'आमचे घराणे' या धर्तीचे मजकूर मोठ्या हौसेने येऊ लागले आहेत. एका कुटुंबाचे पूर्वज कोरेगावच्या रणांगणावर लढलेले असतात. दुसऱ्याचे मूळ थेट नागराजापर्यंत पोहोचते. तिसऱ्याच्या घरी बेदरच्या बादशहाकडून बावन्न हक्कांची सनद मिळविणारा अमृतनाक जन्मलेला असतो. चौथे कुटुंब संत चोखामेळ्याचे वंशज निघते. यांपैकी एकाही मजकुराखाली, ही माहिती कोठून मिळाली, याचा एका ओळीनेही खुलासा नसतो. "आमचे वडील सांगत असत" एवढेच काय ते प्रमाण. अमृतनाकाची कथा ज्यांनी शेवटपर्यंत ऐकली आहे, त्यांना त्या सत्त्वशील पुरुषाची वंशावळ मांडणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगावयास नको!

प्रथम कोरेगावचे पाहू. दि. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे सैनिक भीमेच्या काठी पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर झुंजले. त्यांत मुंबईच्या देशी पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती आणि तीत आपले लोक मोठ्या संख्येने होते. १८२१ साली पायाभरणी झालेल्या विजयस्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे कोरलेली असून, त्यांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययामुळे महारांची म्हणून ओळखली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या स्तंभास मानवंदना दिली. हा इतिहास दगडात कोरलेला आहे. त्याला कोणाच्या कल्पनेच्या टेकूची गरज नाही.

परंतु त्याच दगडाकडे जरा बारकाईने पाहावे. तेथे सैनिकाचे नाव आहे, वडिलांचे नाव आहे. आडनाव नाही आणि गावही नाही. रामनाक, येसनाक ही त्या काळी गावोगावच्या महारवाड्यांत आढळणारी नावे होत. आपल्या पूर्वजाचे नाव रामनाक होते आणि स्तंभावरही रामनाक आहे, एवढ्यावरून नाते जोडणे म्हणजे लंडनच्या दूरध्वनी-पुस्तकातील प्रत्येक स्मिथला एका आजोबाची नातवंडे ठरविण्यासारखे आहे. शिवाय स्तंभावरील ते २२ वीर त्याच दिवशी धारातीर्थी पडले. त्या बावीस जणांना आज जितकी घराणी आपले पूर्वज म्हणून सांगतात, त्यांचा हिशेब एखाद्या शाळकरी मुलाने मांडला तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. कारण या आत्मवंचनेत प्रस्तुत लेखकाचे घराणेही सामील होते.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले. माझे आजोबा सांगत की, त्यांच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या खापरपणजोबांनी, कोरेगाव लढवले. ही कथा मी बालपणापासून ऐकली, या देशात आल्यावर माझ्या मुलांना सांगितली, आणि एका जयंतीच्या व्यासपीठावरून, टाळ्यांच्या गजरात, सर्वांना सांगितली. पुढे माझ्या मुलीने शाळेच्या एका प्रकल्पासाठी विचारले, "बाबा, त्यांचा जन्म कोणत्या साली झाला?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या रजेत गावी गेलो, तेव्हा त्या एका प्रश्नासाठी तालुक्याच्या कचेरीत तीन दिवस बसलो. तेथील कारकुनाने प्रथम हसून म्हटले, "तुमची नावे जुन्या कागदांत कशाला असतील?" तिसऱ्या दिवशी त्याच्याच टेबलावर नाव सापडले.

१८७४ साली वंशपरंपरागत हक्कांचा कायदा झाल्यानंतर गावोगावच्या वतनदारांच्या नोंदी व्यवस्थित ठेवल्या जाऊ लागल्या. आमच्या गावच्या नोंदवहीत, १८८०च्या सुमारास, माझे खापरपणजोबा महारकीच्या पाळीवर असलेले वतनदार म्हणून नोंदलेले आहेत. मृत्यूच्या नोंदवहीत ते १९००च्या दुष्काळात वारल्याचे आहे. वय अदमासे सत्तर. म्हणजे जन्म १८३०च्या आगेमागे. त्या काळी वय अंदाजाने लिहीत. दहा वर्षांची चूक धरली, तरीही कोरेगावच्या लढाईच्या दिवशी ते जन्मलेले नव्हते. धाकटे बंधू म्हणाले, "मग त्यांचे वडील लढले असतील." असतील, नसतीलही. पण या उत्तरात काय घडले ते लक्षात घ्यावे. जेथे कागद सापडला तेथून कथा उठली आणि जेथे कागद नाही अशा आणखी एका पिढीमागे जाऊन बसली. असत्याचे हे जुनेच वर्तन आहे. ते नेहमी उजेडाच्या एक पाऊल मागे सरकते.

परंतु त्याच दप्तरात मला दुसरा एक कागद मिळाला. गावच्या महारांनी, ठरलेले बलुते गावकऱ्यांनी अडविल्याबद्दल, मामलेदाराकडे केलेला अर्ज. मजकूर कोणा लिहिणाऱ्याकडून मोडीत लिहून घेतलेला. खाली आठ जणांच्या निशाण्या. तिसरी निशाणी माझ्या खापरपणजोबांची. निकाल काय लागला, तो कागद दप्तरात नाही. मी त्या निशाणीवर बोट ठेवून बराच वेळ बसलो. ज्या गावात पाणी मागावयाचे, त्याच गावाविरुद्ध १८८०च्या दशकात अर्ज करणारा निरक्षर माणूस माझा पूर्वज होता. बंदूक हाती असलेल्या शिपायामागे पलटण असते. या माणसामागे कोण होते? मी चाळीस वर्षे ज्या खोट्या वीराची पूजा केली, त्याने या खऱ्या वीराला झाकून टाकले होते. घडविलेला पूर्वज आपल्याला काही देत नाही. उलट जो होता त्याला दुसऱ्यांदा गाडतो. माझा मुख्य आक्षेप हा आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. "कागद ब्राह्मण कुलकर्ण्यांनी लिहिले, गॅझेटियरे इंग्रजांनी लिहिली. ज्यांनी आपल्याला माणसांत गणले नाही, त्यांच्या दप्तरांत आपला इतिहास कशाला शोधावा? आपली मौखिक परंपरा हाच आपला पुरावा."

दप्तरे निःपक्षपाती नाहीत, हे मान्य. १८८५ साली निघालेल्या सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत आपल्या समाजाचे वर्णन वाचताना आजही रक्त उसळते. तेथे जातीच्या सवयी आहेत, पोशाख आहे, कामे आहेत. माणसाचे नाव नाही. म्हणून गॅझेटियरातून घराणे सिद्ध होत नाही आणि खोटेही ठरत नाही. परंतु सर्व साधने एका मापाने मोजणे हेही अज्ञानच. गावाच्या सीमेचा तंटा उद्भवला की, शिव कोठून जाते हे महारच दाखवीत असे, आणि त्याची साक्ष महजरात उतरत असे. तेथे कुलकर्ण्याला आपल्या पूर्वजाचे नाव लिहावेच लागले. कारण त्यावाचून गावाची शिव ठरत नव्हती. वतनाच्या नोंदी, हक्कनोंदणीचे उतारे, फेरफार, गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची जनरल रजिस्टरे, हे कागद आपल्या गौरवासाठी लिहिलेले नाहीत, म्हणूनच ते विश्वसनीय आहेत. ज्याला आपल्याविषयी चांगले लिहिण्याचे कारण नव्हते, त्याच्या लेखणीतून निघालेले आपले नाव कोणालाही नाकारता येत नाही.

आणि मौखिक परंपरेचे म्हणाल, तर तिचा मी आदरच करतो. पण तिचा आदर म्हणजे तिची तपासणी टाळणे नव्हे. आजीने सांगितलेल्या गोष्टीत बहुधा एक बी खरे असते. लढाई खोटी असेल, पण घरातील कोणी पलटणीत असेल. राजा खोटा असेल, पण गाव सोडून आल्याची आठवण खरी असेल. ते बी शोधण्यासाठीच कागदाशी ताडून पाहावयाचे असते.

ताडून पाहणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपणा सर्वांच्या श्रद्धास्थानातूनच घेतो. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ; मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. 'आंबेडकर' हे आडनाव शाळेतील त्याच नावाच्या एका प्रेमळ गुरुजींमुळे लागले, ही आठवण खुद्द बाबासाहेबांनी कृतज्ञतेने सांगितली. साताऱ्याच्या शाळेचे रजिस्टर आजही उपलब्ध आहे. त्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी, अनुक्रमांक १९१४ वर, 'भिवा रामजी आंबेडकर' अशी प्रवेशाची नोंद आहे. एवढ्या एका ओळीवरून काही जण गुरुजींची आठवण खोटी ठरवितात, तर काही जण आठवणीपुढे रजिस्टरच बाजूला सारतात. दोघेही घाई करतात. रजिस्टर नाव सांगते. ते नाव कोणी, केव्हा व का दिले हे सांगत नाही. आठवण माणूस सांगते. ती तारीख सांगत नाही. कागद काय सांगतो ते कागदाच्या नावे लिहावे, आठवण काय सांगते ते आठवणीच्या नावे लिहावे, आणि दोहोंमधली फट प्रामाणिकपणे उघडी ठेवावी. आपल्या मुक्तिदात्याच्या नावाबाबत हा नियम पाळावा लागतो, तर तुमच्या-माझ्या घराण्याबाबत तो का नको?

नागवंशाचा दावा करणारे बंधू येथे बाबासाहेबांचाच आधार देतील. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी, अस्पृश्य हे मूळचे पराभूत टोळ्यांतून फुटलेले, बौद्ध धर्म न सोडलेले लोक होत, असा सिद्धान्त मांडला. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात नागलोकांचा उल्लेख केला. परंतु त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत, जेथे प्रत्यक्ष पुराव्याची साखळी तुटते तेथे तर्काने दुवा सांधावा लागतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते, हे वाचकाला दाखवून देणारा हा विद्वान. त्यांचा सिद्धान्त एका समाजाविषयी आहे. तो तुमच्या घराच्या वंशावळीतला दाखला नव्हे. ज्या पुरुषाने याच लंडन शहरातील ग्रंथालयांत बसून कागदांशी झुंज घेतली, त्याच्या नावाने कागदावाचून बोलणे हा त्याचा गौरव नव्हे.

आता या हौसेच्या मुळाशी जाऊ. आपल्याला राजा किंवा सेनानीच पूर्वज का हवा असतो? एके काळी त्याला कारण होते. १८९२-९३च्या सुमारास पलटणीची दारे महारांना बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्यांनी अर्ज केले. त्या काळच्या युक्तिवादात, आम्ही मूळचे क्षत्रिय, असा सूरही आढळतो. दार त्याच किल्लीने उघडत होते, म्हणून त्यांनी ती किल्ली चालवून पाहिली. त्यांना दोष देता येणार नाही. परंतु १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे घडले, ते वंशाच्या आधारावर घडले नाही. माणूस आहे म्हणून पाणी, ही ती घोषणा होती. त्यानंतर शंभर वर्षे होत आली. आपण परदेशात स्थिरावलो, डॉक्टर-इंजिनिअर झालो, आणि तरीही दिवाणखान्यात लावण्यासाठी कुळाचा मुकुट शोधतो. जन्मावरून थोरवी मोजण्याची फूटपट्टी आपण मनुस्मृतीबरोबर जाळली म्हणतो. ती जळली असेल तर तिच्यावर आपली उंची मोजण्याचा हट्ट कशासाठी?

या बाबतीत तथागतांचा दाखला फार बोलका आहे. दीघनिकायातील अंबट्ठसुत्तात अंबट्ठ नावाचा तरुण ब्राह्मण शाक्यांना हीन लेखतो. भगवंत त्याला त्याच्याच कुळाची जुनी परंपरा विचारतात, आणि त्याचा मूळपुरुष कण्ह हा ओक्काक राजाच्या दासीचा पुत्र होता, हे त्याला स्वतःच्या तोंडाने मान्य करावे लागते. त्याचे सोबती लगेच त्याची हेटाळणी करू लागतात. तेव्हा भगवंत त्यांना थांबवितात आणि सांगतात की, दासीपुत्र कण्ह पुढे थोर ऋषी झाला. अखेरीस श्रेष्ठ ठरते ती विद्या आणि आचरण. या एका प्रसंगात दोन्ही धडे आहेत: कुळाचा खोटा गर्व तपासून मोडावा, आणि खरे कूळ सापडले की त्याची लाज बाळगू नये.

येथील इंग्रज शेजाऱ्यांकडे पाहावे. त्यांच्याकडे १५३८ पासून पॅरिशच्या नोंदी आहेत, १८४१ पासून नावनिशीवार जनगणना आहे. माझ्या एका शेजाऱ्याला आपला पूर्वज अनाथ-दरिद्री आश्रमात वाढल्याचे आढळले. त्याने तो उतारा चौकट करून भिंतीवर लावला. आपल्या मुलांचे मित्र असे पुरावे घेऊन वर्गात येतात. आपले मूल मात्र नागराजाची कथा घेऊन जाते आणि पहिल्याच "हे तुला कसे ठाऊक?" या प्रश्नाला गप्प होते. काही तरुण आता लाळेचा नमुना पाठवून उत्तर मिळवू पाहतात. त्या चाचणीतून दूरच्या प्रदेशांचे आकडे कळतील. कोणाच्या खांद्यावर बंदूक होती आणि कोणाच्या खांद्यावर घोंगडी, हे त्यातून कळणार नाही. आणि ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात सारे मिळेल, अशीही आशा बाळगू नये. तेथे गोऱ्या सैनिकांच्या नोंदींची रास आहे. साध्या देशी शिपायाची वैयक्तिक नोंद क्वचितच हाती लागते. आपले कागद बहुतांशी तालुक्याच्या कचेऱ्यांत, गावच्या शाळांत, पुण्याच्या पेशवे दप्तराच्या मोडी रुमालांत, आणि आपल्या स्वतःच्या पेट्यांत आहेत.

पेट्यांचा उल्लेख मुद्दाम केला. महाराष्ट्रात आज आपल्या भावाच्या मुलाला जातवैधता प्रमाणपत्र हवे असेल, तर २००१ सालच्या तेविसाव्या कायद्यानुसार त्याला वंशावळ शपथेवर द्यावी लागते आणि जुने पुरावे दाखवावे लागतात. १९५० पूर्वीचा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला तेथे सर्वांत मोलाचा ठरतो. तो दाखला कोठे असतो? पुष्कळदा येथे, आपल्या माळ्यावरच्या जुन्या बॅगेत, वडिलांची आठवण म्हणून आणलेला. त्यावर 'महार' हा शब्द आहे म्हणून मुलांपासून लपविलेला. एका घरी तर तो शब्द शाईने खोडलेला मी पाहिला आहे. बंधूंनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण त्या शब्दाचे ओझे टाकले. पण कागदावरचा शब्द हा आपण कोठून निघालो याचा पुरावा आहे. तो खोडणाऱ्याने स्वतःची प्रतिष्ठा वाढविली नाही. गावाकडच्या पुतण्याची वाट तेवढी बंद केली. तसेच, हौसेने छापलेल्या वंशावळीत एक आजोबा चुकीचा घातला आणि शपथपत्रात दुसरा आला, तर त्या विसंगतीचे उत्तर तुम्हाला नव्हे, त्या मुलाला द्यावे लागेल.

आणखी एक धोका सांगून आवरतो. १ जानेवारी २०१८ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. तो इतिहासच कपोलकल्पित आहे, असे म्हणणारे आज कमी नाहीत. त्यांच्या हाती सर्वांत सोपे शस्त्र कोणते? आपण छापलेले एक खोटे पान. ते एक पान दाखवून ते म्हणतील, जसे हे, तसेच ते. स्तंभावरील बावीस नावांचा विश्वासघात त्यांच्या शत्रूंनी केला नाही एवढा आपण करू.

म्हणून संपादक मंडळास आणि वाचकांस माझी विनंती आहे. पुढील अंकापासून घराण्याविषयीचा मजकूर दोन भागांत छापावा: 'आम्ही ऐकले' आणि 'आम्ही पाहिले'. पहिल्यात सांगणाऱ्याचे नाव व नाते द्यावे. दुसऱ्यात कागद, गाव व साल द्यावे. दुसरा भाग कोरा राहिला तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. कोरी जागा भरण्याची इच्छा पुढच्या पिढीला होईल. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी या वर्षीच त्यांच्याकडून नावे, गावे आणि सोयरिकी लिहून घ्याव्यात. ज्यांच्याकडे जुने दाखले आहेत त्यांनी त्यांच्या प्रती काढून गावी पाठवाव्यात. आणि दोन-चार तरुणांनी तरी मोडी शिकावी. आपल्या आठ पूर्वजांच्या निशाण्यांवरचा मजकूर वाचण्यासाठी मला परक्याची विनवणी करावी लागली. ती वेळ त्यांच्यावर येऊ नये.

माझ्या मुलीचा शालेय प्रकल्प केव्हाच संपला. पण तिच्या घरी आज भिंतीवर एक चौकट आहे. तीत राजा नाही, सेनानी नाही, तलवार नाही. बलुते अडविल्याबद्दलच्या अर्जाची छायाप्रत आहे, आणि तिच्या मुलाला तिसरी निशाणी कोणाची हे पाठ आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!